खो मिळेपर्यंत

‘नीलवेला’ या जहाजावर कुणी कुणाला हाका मारत नसे. हजारो प्रवासी, एकावर एक चढवलेले मजले, सगळीकडे एकसारखे लाल गालिचे आणि एकसारखे दरवाजे, तरी "अगं, तू आहेस कुठे?" हा प्रश्न तिथे ऐकू येत नसे. जिना उतरता उतरता एखादे आजोबा मध्येच थांबत, मान किंचित डावीकडे कलवत, "ही अजून दुकानातच आहे," असं स्वतःशी पुटपुटत आणि तिकडे वळत. आजी खरोखरच दुकानात असत, आणि बहुधा त्यांची खरेदी आटोपलेली नसे.

पूर्वी समुद्रसहलीचा निम्मा वेळ आपल्या माणसांना शोधण्यात जाई. जहाज म्हणजे पोलादाची पेटी. फोनच्या लहरी तिच्या भिंतींना थडकून परत फिरत. नवरा बुफेच्या रांगेत, बायको वरच्या डेकवर, आणि सासूबाई चुकून भलत्याच ग्रूपबरोबर भजनाला बसलेल्या, असा प्रकार रोजचा. आता हे सगळं मिटलं होतं, आणि ते मिटवलं होतं सोबतपट्ट्यानं.

सोबतपट्टा म्हणजे कमरेला बांधायचा साधा कापडी पट्टा. त्याच्या आत, सभोवार, दोन ओळींत बारीक बटणं. शिवाय चिंचोक्याएवढा एक मणी. मणी ‘मी इथे आहे’ एवढंच सांगत राही. जहाजाच्या भिंतींत बसवलेली यंत्रं ते ऐकत आणि तुमच्या सोबत्याच्या पट्ट्याला कळवत. मग तुम्ही ज्या बाजूला असाल त्या बाजूला त्याच्या कमरेवर एक हलकी टिचकी वाजे. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर वरच्या ओळीतून, खालच्या मजल्यावर असाल तर खालच्या ओळीतून. जवळ असाल तर भराभर, लांब असाल तर सावकाश. प्रत्येक सोबत्याची टिचकी निराळी, म्हणजे घोटाळा नको.

खरी गंमत पुढेच होती. काही दिवसांनी टिचकी जाणवेनाशी होई आणि फक्त माणूस जाणवे.

"कवळी बसवल्यावर काय होतं आठवा," पट्टा तयार करणारे डॉ. सुहृद वर्तक पहिल्या संध्याकाळी प्रवाशांना सांगत होते. चाळिशीचा, सडसडीत, बोलताना हातातला चष्मा फिरवणारा माणूस. "सुरुवातीला तोंडात काहीतरी परकं आहे असं वाटतं. मग कवळी विसरायला होते आणि दाताखालचा शेंगदाणा कडक आहे की मऊ, एवढंच कळतं. मेंदूला खबर कुठून आली याच्याशी कर्तव्य नसतं. खबर रोज आली, खरी निघाली, की तो ती आपली मानतो. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे ते कळतं ना? ते अंगभान. तसंच तुमचं माणूस कुठे आहे ते कळायला लागेल. आम्ही त्याला सोबतभान म्हणतो."

समोर बसलेल्या नूतन घोरपडे यांनी शेजारच्या तृप्तीला कोपर मारलं. "आपली वयं बघून कवळी काढली बघ मेल्यानं."

तृप्ती तोंडाला पदर लावून हसली. तिच्या पलीकडे बसलेली मंजिरीही हसली, कारण या दोघी हसत होत्या. कशाला हसतोय ते तिला कळलं नव्हतं. हल्ली तिला बरंच काही कळत नसे.

तिघी इचलकरंजीच्या. शाळेच्या खो-खोच्या संघात एकत्र घडलेल्या आणि पुढे लग्नं, मुलं, नोकऱ्या, वैधव्य असं सगळं एकाच गावात पार पाडलेल्या. नूतन पुढे त्याच शाळेत पी.टी.ची बाई झाली आणि निवृत्त झाल्यावरही शिट्टी वाजवल्यासारखंच बोलत राहिली. तृप्तीनं खानावळ चालवली. मंजिरी वाचनालयात होती. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे ती मान वर न करता सांगायची. आता तिला पुस्तक कशाला म्हणतात तेही अधूनमधून सुटे. विस्मरणाच्या आजारानं तिच्या डोक्यातली कपाटं एकेक करून रिकामी करायला घेतली होती.

मंजिरीचा मुलगा निहार पुण्याला. त्यानं आईला तिकडे नेलं, तर ती दोनदा घराबाहेर पडून हरवली. शेवटी त्यानं एक संस्था शोधली. चांगली, स्वच्छ, प्रेमळ आणि कुलूपबंद. नूतननं ते ऐकलं तेव्हा ती फोनवर त्याच्यावर ओरडली, मग रडली, मग म्हणाली, "माझ्याकडं ठेव तिला. घर मोठं आहे. तृप्ती शेजारच्या गल्लीत आहे."

"मावशी, तुला झेपेल का? तुझेही गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघते. तू एक संधी दे."

निहारनं दिली, पण अट घालून. सहलीला घेऊन जा. त्या पट्ट्यानं म्हणे कुणी हरवत नाही. आई एकदाही हरवली नाही तर तुझ्या घरी. हरवली, तर परत आल्यावर ती संस्थेत जाईल आणि तू आडकाठी करायची नाहीस. नूतन कबूल झाली. मंजिरीचं उरलेलं आयुष्य कुलपाआड की मैत्रिणींत, ते या सहलीवर ठरणार होतं.

आणि पहिल्याच दिवसापासून सगळं फसत चाललं. मंजिरी जेवायला बसली की मध्येच ताडकन उठे आणि समोर चालू लागे. खुर्च्या चुकवत, वेटरला वळसा घालत, ताठ मानेनं. नूतन मागून धावे, हाताला धरून आणून बसवे, चार घास होतात न होतात तोच स्वारी परत उभी.

"अगं बस की! काय विंचू चावलाय काय तुला?" नूतन वैतागून म्हणाली. मंजिरीचा चेहरा पडला. तो बघून नूतनला स्वतःचीच शरम वाटली.

पापड घेऊन परत आलेली तृप्ती मात्र बघतच उभी राहिली होती. "नूतने, एक गोष्ट बघितलीस? मी पापड आणायला हिच्या पाठीमागं गेले तेव्हाच ही उठली. काल बाजूनं गेले तर नुसतं वळून बघत होती. टिचकी पाठीवर वाजली की उठते. आणि उठली की तोंड असेल तिकडंच जाते. मागं वळत नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"खो घ्यायला लागलीय ही," नूतन म्हणाली.

शाळेच्या मैदानावर मंजिरी चौथ्या चौकोनात बसायची. रांगेतल्या पोरी एक इकडे तोंड करून, एक तिकडे. मागून पाठलाग करणारी येते, पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणते, की बसलेलीनं उठायचं आणि पळायचं, आणि खो देणारीनं तिच्या जागी बसायचं. संघात पाठलागाला असायची नूतन. मंजिरीच्या पाठीवर तिची थाप किती वेळा पडली असेल त्याला हिशेब नव्हता.

त्याच दुपारी नूतन वर्तकांच्या खोलीवर धडकली.

"डॉक्टर, ते तुमचं भान राहू दे बाजूला. आमची मैत्रीण बसल्या जागची उठून पळायला लागलीय. तिला आमची नावं आठवत नाहीत, आणि शाळेतला खेळ बरा आठवतो?"

वर्तकांनी तिला खुर्ची दिली, सगळं नीट ऐकून घेतलं. चष्मा फिरायचा थांबला.

"नूतनताई, आठवण एका पेटीत नसते. नावं, तारखा, काल काय खाल्लं, हे मेंदूच्या एका भागात राहतं. त्यांचा तो भाग झिजतोय. सायकल चालवणं, पोळी लाटणं, पाठीवर थाप बसली की उठणं, हे दुसरीकडे असतं. फार खोल. आजार तिथे सगळ्यांत शेवटी पोचतो. बाकीच्या प्रवाशांना हे भान नव्यानं शिकावं लागतंय. मंजिरीताईंच्या पाठीत त्याची जागा पन्नास वर्षांपूर्वीच तयार झालेली आहे. त्या तुमच्या सगळ्यांच्या आधी शिकतील."

"म्हणजे पट्टा काढायचा नाही?"

"काढू नका. पण त्या का उठतात ते तुम्हाला कळलंय. मग पुढचा नियम तुम्ही पाळा."

नूतनच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. मग ती उठून जवळजवळ पळतच खाली गेली.

रात्रीच्या जेवणाला तृप्ती मुद्दाम मंजिरीच्या मागून गेली. मंजिरी उठली, आणि नूतन झटकन तिच्या खुर्चीत बसली. मंजिरी चार पावलं गेली, वळली, आपली जागा भरलेली पाहिली आणि समाधानानं येऊन नूतनच्या खुर्चीत बसून नूतनचा भात खाऊ लागली. डाव पुरा झाला होता.

मग दिवस बदलले. हळूहळू मंजिरीचं उठणंही थांबलं. टिचकी मुरली होती. नूतन खालच्या मजल्यावर गेली की मंजिरी हनुवटीनं खाली दाखवायची. "कोण आहे गं तिकडे?" असं तृप्तीनं विचारलं की नाव सांगता यायचं नाही. "आपली," एवढंच म्हणायची. कितीतरी दिवसांत ती इतकी स्वस्थ नव्हती. दुपारी गाढ झोपायची, जेवायची, समुद्राकडे बघत काहीबाही गुणगुणायची.

नूतन आणि तृप्तीलाही सोबतभान आलं होतं. नूतनला ते सांगता यायचं नाही. अंधाऱ्या खोलीत आपल्याखेरीज कुणी आहे हे जसं कळतं तसं काहीसं. डाव्या अंगाला मंजिरी, मागे लांबवर तृप्ती. नवरा गेल्यापासून तिला फार एकटं वाटायचं, पण ते ती कुणाजवळ बोलली नव्हती. ते एकटेपण या पट्ट्यानं कधी काढून घेतलं ते तिला कळलंही नाही.

आणि तिथेच चूक झाली. मंजिरी कुठे आहे हे कळत होतं, म्हणून तिच्याजवळ असण्याची गरज वाटेनाशी झाली. एका दुपारी मंजिरीला केबिनमध्ये झोपवून तृप्ती केस रंगवायला गेली आणि नूतन वर्तकांना भेटायला वरच्या मजल्यावर. घरी गेल्यावर जमिनीवरही पट्टा चालतो का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"जमिनीवर आणखी सोपं. उपग्रह आहेत," वर्तक सांगत होते, "फक्त एक गोष्ट..."

तेवढ्यात दिवे गेले. जहाजाची घरघर थांबली. आणि नूतनच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, जिथे मंजिरी होती, तिथे काहीच उरलं नाही.

वीज गेल्याचं तिच्या नंतर लक्षात आलं. आधी मनात आलं ते हेच, की मंजिरी गेली. बाहेरच्या मार्गिकेतून किंकाळ्या ऐकू आल्या. एक मध्यमवयीन गृहस्थ भिंतीला धरून बायकोचं नाव घेत होता, आणि बायको त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. वर्तक दारात खिळून उभे होते.

"नुसती वीज गेलीय," ते म्हणाले, "लोक इतके का..."

"तुम्ही पट्टा बांधलेला नाही, डॉक्टर," नूतन म्हणाली आणि जिन्याकडे निघाली.

गुडघे बोंब मारत होते. जिन्यात जेमतेम मिणमिणते दिवे आणि खालीवर धावणारी माणसं. केबिनशी ती पोचली तेव्हा केसांना अर्धा रंग लावलेली तृप्ती दारातच उभी होती. वीज गेली की कुलपं आपोआप उघडत. दार सताड उघडं, पलंग रिकामा.

"हरवली," तृप्ती म्हणाली आणि रडू लागली.

नूतनला निहारचा आवाज आठवला, त्यानं फोटोत दाखवलेलं संस्थेचं पांढरंशुभ्र फाटक आठवलं. "रडू नंतर," ती म्हणाली. दोघी हाका मारत निघाल्या. हाका मारायची सवय मोडलेल्या त्या जहाजावर आता सगळेच हाका मारत होते, आणि त्या गदारोळात कुणाचीच हाक कुणाला पोचत नव्हती.

जहाजाच्या पोटात नाटकांसाठी एक मोठं सभागृह होतं. त्याला खिडक्या नव्हत्या. त्याच्या दारापाशी आल्यावर दोघी थांबल्या, कारण आतून आवाजच येत नव्हता.

रंगमंचापुढच्या मोकळ्या जागेत, संकटदिव्याच्या पिवळट उजेडात, माणसं जमिनीवर रांगेत बसली होती. एक इकडे तोंड करून, एक तिकडे. पगडी घातलेले एक सरदारजी, त्यांच्यामागे उलट्या बाजूला एक गोरी म्हातारी, मग नवं जोडपं, मग कुणीकुणी. कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कुणी ओरडत नव्हतं. आणि रांगेच्या कडेकडेनं मंजिरी फिरत होती. प्रत्येकाच्या पाठीवर तळवा ठेवत होती, क्षणभर थांबत होती आणि पुढे जात होती.

"बसायचं," ती सांगत होती. सरदारजींना मराठी येत नसावं, पण ते मान डोलवत होते. "खो मिळेपर्यंत उठायचं नाही."

तिच्या दृष्टीनं गोष्ट सरळ होती. पाठीवरची टिचकी थांबली होती. खो नाही, तर बसून राहायचं. आणि इथे तर सगळा संघ खो मिळाल्याशिवाय उठून सैरावैरा पळत सुटला होता. तिनं त्यांना धरून धरून खाली बसवलं होतं. जग कुठे गेलं, आपण कुठे आहोत, आपलं कोण कुठे आहे, यातलं काहीच ठाऊक नसणं ही इतरांसाठी आजची आपत्ती होती. मंजिरी त्यातच राहत होती.

तिनं दारातल्या दोघींना पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे. नूतनकडे येऊन दटावणीच्या सुरात म्हणाली, "तू इथं काय करतीस? तुझी जागा मोकळी आहे."

नूतन खाली बसली. गुडघ्यांतून कळ गेली तरी बसली. तिच्यामागे उलटं तोंड करून तृप्ती बसली. मग पाठीवर तो तळवा आला, रुंद आणि उबदार. हरवली होती ती आपण, मंजिरीनं आपल्याला शोधलं, असं नूतनला वाटलं आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरलं नाही.

दिवे आले, घरघर सुरू झाली आणि पट्टे जागे झाले. सगळ्या जहाजानं एकदम सोडलेला सुस्कारा त्या सभागृहात ऐकू आला. लोक उठले, एकमेकांना मिठ्या मारू लागले. दारात उभे असलेले वर्तक मात्र हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डेकवर नूतनला भेटले. काल अर्धवट राहिलेली गोष्ट त्यांना सांगायची होती.

"जमिनीवरचा पट्टा मी तुम्हाला देऊ शकतो. त्याच्या जोरावर मंजिरीताई तुमच्या घरी सुखानं राहतील, याची मला आता खात्री आहे. पण काल लोकांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. मी पाहिलं ते पहिल्यांदाच. आम्ही समजत होतो की हे एक सोयीचं साधन आहे. ते साधन राहिलेलं नाही, अवयव झालंय. बाकीचे लोक पट्टा उतरवतील, थोडे दिवस बेचैन होतील, मग मनाला समजावतील. मंजिरीताईंना समजावणार कसं? तुम्ही पट्टा काढलात की त्यांचा हात तुटल्यासारखं होईल. आणि का तुटला ते त्यांच्या लक्षात राहणार नाही. प्रत्येक वेळी नव्यानं तुटेल."

"म्हणजे मी काढायचा नाही."

"समोर असाल तेव्हा काढा. आंघोळीला, झोपताना. पण नजरेआड असताना नाही. जन्मभर. तुम्ही माणूस राहाल, शिवाय दुसऱ्या कुणाची तरी दिशा व्हाल. हे फार मोठं मागणं आहे, नूतनताई. नाही म्हणालात तर कुणी दोष देणार नाही."

नूतननं मान वळवली. पलीकडे तृप्ती मंजिरीची वेणी घालत होती. स्वतःचे अर्धे काळे, अर्धे पांढरे केस तिनं रुमालात गुंडाळले होते.

"आणि मी मेले तर?"

वर्तकांनी हातातला चष्मा घडी करून खिशात ठेवला. "पट्ट्याला माणूस लागत नाही. मणी पुरतो."

"म्हणजे?"

"मणी कुठेही ठेवला तरी तो ‘मी इथे आहे’ असंच सांगत राहतो. मंजिरीताईंना तुम्ही तिथे बसलेल्या आहात असं वाटत राहील."

नूतनच्या अंगावर काटा आला. तरीही ती म्हणाली, "द्या."

निहारला तिनं सगळं खरं सांगितलं. आई हरवली होती, अट मोडली, चूक माझी, हेही सांगितलं. त्या रांगेची हकिकत सांगताना तिचा आवाज फुटला.

"तिनं लोकांना बसवलं?" निहार म्हणाला.

"बसवलं. मलासुद्धा."

"मग तुझ्याकडेच राहू दे, मावशी." तो नाक ओढत होता. "मला पण एक पट्टा मिळेल का?"

नूतननं तोंड उघडलं, पण त्यानंच घाईघाईनं म्हटलं, "नको. नको. ती रोज उठून पुण्याकडे चालायला लागेल. माझा नकोच."

इचलकरंजीला नूतनच्या घरी मंजिरी राहिली ती खरोखर सुखात राहिली. नाव विसरली, घर विसरली, पण भेदरली नाही. नूतन बाजारात गेली की ती खिडकीशी बसून बरोबर त्या दिशेला तोंड करी आणि नूतन परतेपर्यंत एखाद्या सूर्यफुलासारखी हळूहळू वळत राही. नूतनही भाजी निवडता निवडता पाठीशी तिला जाणत असे. कधीकधी तिला वाटे, पट्टा फेकावा आणि कुणालाही न कळता कुठेतरी नुसतं निघून जावं. मग ती कोथिंबीर घेऊन घरी येई. या बंधनाचा तिला राग येई, आणि त्याच बंधनामुळे सकाळी उठावंसं वाटे. दोन्ही खरं होतं.

काही वर्षांनी तृप्ती आजारी पडली. शेवटच्या दिवसांत तिचा विनोद शाबूत होता. "माझा मणी मैदानावर खांबाला बांधा," ती म्हणाली. "सगळा जन्म त्या खांबाला वळसा घालताना मी घसरले. आता तरी धरून राहते."

मैदानाला दोन खांब, दोन टोकांना. शाळेच्या बाजूच्या खांबाच्या बुंध्याशी नूतननं मणी पुरला. मंजिरीला काही सांगितलं नाही. सांगण्याजोगं काही झालेलंच नव्हतं तिच्यासाठी. तृप्ती हल्ली मैदानावर असते, एवढंच. ती सकाळी उठून तिकडे बघून हसे.

वर्तकांचा अधूनमधून फोन येई. तृप्ती गेल्यानंतर आला तेव्हा त्यांचा आवाज थकलेला होता. सोबतपट्टे आता घरोघरी झाले होते.

"नूतनताई, एक विचारायचं होतं. मंजिरीताईंसाठी तृप्तीताईंचा मणी चालू ठेवला, ते समजू शकतो. पण आमच्या इथे दिसतंय की तो तुमच्याही पट्ट्याला जोडलेला आहे. तुमच्याकडून बंद करू का? तुम्हाला तर माहीत आहे."

नूतननं नकळत पट्ट्यावर हात ठेवला.

"रागावू नका," वर्तक म्हणाले. "मी सगळ्यांनाच विचारतोय. आणि कुणीच हो म्हणत नाही. कपाटांत, देव्हाऱ्यांमागे, उशांखाली किती मणी चालू आहेत याची आम्हाला मोजदाद ठेवता येईना. माणसं गेली तरी शोक करेनात लोक. मला कळत नाही, मी त्यांचं भलं केलं की काय केलं."

"डॉक्टर, तुम्ही भलंच केलंत," नूतन म्हणाली. "पण बंद करायचं तेवढं कुणाला विचारू नका."

संध्याकाळी ती मंजिरीला घेऊन मैदानावर गेली. मुलींचा सराव नुकताच संपला होता. चुन्यानं आखलेले चौकोन पुसट झाले होते. चौथ्या चौकोनात शिपायानं नेहमीप्रमाणे प्लास्टिकचं स्टूल ठेवलं होतं, कारण मंजिरीला आता खाली बसवत नव्हतं. ती बसली, शाळेच्या बाजूच्या खांबाकडे पाठ करून. वारा पडला होता.

थोड्या वेळानं तिची पाठ ताठ झाली. मग कितीतरी वर्षांनी ती जहाजावर उठायची तशी उठली आणि समोर चालू लागली, चार पावलं, पाच पावलं, म्हातारी, ताठ मानेची. खो मिळाला होता.

तिची जागा मोकळी झाली होती. नियम असा की खो देणारीनं तिथे येऊन बसायचं. नूतननं एकवार इकडेतिकडे पाहिलं आणि तृप्तीच्या वाट्याच्या त्या जागी स्वतः जाऊन बसली. पाठीवर तृप्ती होती. हसत होती की दम खात होती एवढंच कळत नव्हतं. बाकी ती होती.

रांगेत बसलेल्या मुलीनं मागे बघायचं नसतं, असं नूतननं आयुष्यभर पोरींना शिकवलं होतं. तिनं हात गुडघ्यांवर ठेवले, समोरून वळून परत येणाऱ्या मंजिरीकडे बघितलं, आणि मागे वळली नाही.